एप्रिलमधली दरी आणि परतीची वेळ: सातपुड्यातील एकट्याने केलेल्या पायपिटीचे एक प्रकरण

प्रकरणाबद्दल

ही घटना अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील एका दरीत, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातील एका रविवारी घडली. संबंधित शिक्षक, त्यांना शोधायला गेलेले दोघे आणि गाव यांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील गाळले आहेत. दरीचे नावही मुद्दाम दिलेले नाही. घटनेतील वेळा शिक्षकांच्या मोबाइलमधील छायाचित्रांवरून आणि गावकऱ्यांच्या सांगण्यावरून जुळवल्या आहेत. कोणाचा जीव गेला नाही, त्यामुळे गावात चार दिवस चर्चा होऊन हा विषय मागे पडला. तो सविस्तर लिहावासा वाटला, कारण त्या दिवशीच्या चुका बेफिकीर माणसाच्या नव्हत्या. तयारी करून निघालेल्या, डोंगराची सवय असलेल्या माणसाच्या हातून त्या झाल्या, आणि विदर्भात डोंगर चढणाऱ्या कोणाच्याही हातून त्या होऊ शकतात.

पार्श्वभूमी

चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, आणि त्याच्या दक्षिणेला परतवाडा-अचलपूरकडचा सपाट मुलूख जवळजवळ सातशे मीटर खाली पसरलेला आहे. ही उतरण हळूहळू होत नाही. गाविलगडच्या रांगेची दक्षिण बाजू एका मोठ्या भूभ्रंशाला, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेला, लागून आहे, त्यामुळे पठाराची धार संपली की जमीन एकदम तुटते, आणि पठारावरून दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात जाणाऱ्या नाल्यांनी त्या तुटलेल्या कडेत खोल, अरुंद दऱ्या कोरल्या आहेत. खडक सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असल्याने कठीण थराचा उभा कडा, त्याखाली ठिसूळ थराचा उताराचा टप्पा, पुन्हा कडा, अशी रचना वरपासून खालपर्यंत दिसते. जिथे झिरपत आलेले पाणी खालच्या कठीण थरावर अडते, तिथे झरे फुटतात, आणि नाल्यात पाणी पडून पडून झालेल्या खळग्यांना इकडे कुंड म्हणतात.

श्रावण-भाद्रपदात ही दरी हिरवीगार असते. एप्रिलमध्ये मात्र तिचे रूप पूर्ण बदलते. साग आणि सालई यांची पाने झडलेली असतात, नाला कोरडा पडतो, गोटे दहा वाजताच हाताला चटके देऊ लागतात आणि हवेतला ओलावा जवळजवळ संपलेला असतो. अशा वेळी या दरीत वावरण्याचे नियम वाळवंटी प्रदेशातील खोल घळींचे असतात, हिरव्या डोंगराचे नसतात. अमेरिकेतील ग्रँड कॅनियनमध्ये उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालू नये असे तेथील उद्यान प्रशासन पर्यटकांना सांगते, आणि चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरायला सांगते. यामागचे कारण साधे आहे. डोंगर चढताना कष्टाचा भाग सकाळच्या गारव्यात, ताज्या अंगाने होतो, आणि थकवा आला तरी परतीचा रस्ता उताराचा असतो. दरीत हा क्रम फिरतो. सोपा भाग आधी येतो आणि उभा चढ थकल्यावर, दिवसाच्या सर्वांत तापलेल्या प्रहरी वाट्याला येतो. त्यात आणखी एक फसवणूक असते. कोरड्या हवेत दर शंभर मीटर उतरले की तापमान जवळपास एक अंशाने वाढते, त्यामुळे धारेवर उभे राहून जी हवा सुसह्य वाटते तिच्यावरून तळाचा अंदाज बांधता येत नाही.

शिक्षक अडतीस वर्षांचे, तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणारे. सह्याद्रीतील अनेक गडांवर त्यांनी पायपीट केलेली होती आणि तब्येत उत्तम होती. हीच दरी त्यांनी आधी पावसाळ्याच्या अखेरीस पाहिली होती. उन्हाळ्यात कोणते झरे टिकतात याची नोंद करून ती विद्यार्थ्यांना दाखवावी, हा त्यांचा हेतू होता. हेतू चांगला होता, आणि पुढचे निर्णय समजून घेण्यासाठी तो लक्षात ठेवणे गरजेचे आहे. निव्वळ भटकायला गेलेला माणूस कुठूनही मागे फिरतो. काही पाहायचे ठरवून निघालेल्या माणसाला मागे फिरणे जड जाते.

तयारी आणि निघताना झालेले बोलणे

दरी मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, प्रादेशिक वनविभागाच्या क्षेत्रात आहे. शिक्षकांनी वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी जाऊन परवानगी घेतली होती. सोबत तीन लिटर पाणी, पोळी-भाजी, संत्री, सुती दुपट्टा, टोपी, बॅटरी, बँडेजची पट्टी आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाइल होता. जलसंजीवनीची पाकिटे नव्हती आणि शिट्टीही नव्हती. खालच्या कुंडावर पाणी भरून घेता येईल हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि तीन लिटरचा हिशेब त्या गृहीतावर उभा होता.

घरी त्यांनी पत्नीला "चिखलदऱ्याकडे जातो, संध्याकाळपर्यंत येतो" एवढेच सांगितले. पठाराच्या कडेवरील गावात मात्र त्यांनी मोटारसायकल एका वयस्क पशुपालकाच्या अंगणात लावली आणि त्यांच्याशी दहा मिनिटे बोलले. कोणत्या खिंडीतून उतरणार, नाल्यानाल्याने कुठवर जाणार आणि एक वाजेपर्यंत परत येणार, हे सगळे त्यांनी त्या पशुपालक बाबांना सांगितले. वरचे कुंड होळीआधीच आटल्याचे बाबांनी सांगितले. खालच्या कुंडाबद्दल त्यांचे उत्तर होते, "तिकडं या साली कोनी गेलंच नाही सर. पानी असन का नसन, मले नाही सांगता येत."

हे उत्तर नीट ऐकले तर ते स्पष्ट आहे. ज्या माणसाची जनावरे आयुष्यभर याच दरीत चरली, तोच पाण्याबद्दल काही सांगू शकत नसेल, तर पाणी नाही असे धरूनच उतरायला हवे. शिक्षकांनी त्याचा अर्थ "असू शकेल" असा घेतला. भाद्रपदात काठोकाठ भरलेले कुंड त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट कानांनी ऐकलेल्या गोष्टीपेक्षा खरी वाटते.

समस्या कशी वाढत गेली

सव्वासहाला ते धारेवरून उतरू लागले. पहिल्या टप्प्यापर्यंत मोबाइलला रेंज होती, त्यानंतर गेली. नाल्यातल्या मोठ्या गोट्यांवरून उड्या घेत, थरांची छायाचित्रे काढत ते आठ वाजून दहा मिनिटांनी वरच्या कुंडाशी पोहोचले. कुंड कोरडे होते, फक्त मधोमध रेतीचा एक पट्टा ओलसर दिसत होता. तोवर साधारण सहाशे मिलिलिटर पाणी संपले होते.

दिवसातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे झाला, आणि तो निर्णय आहे हे त्या वेळी त्यांच्या लक्षातही आले नाही. ऊन अजून कोवळे होते, अंगात ताकद होती, पाणी दोन लिटरहून अधिक होते. मागे फिरावे असे समोर काहीच दिसत नव्हते. धोक्याची खूण दिसली की मागे फिरू, असे मनाशी ठरवून निघणाऱ्याला दरीत ती खूण फार उशिरा दिसते, कारण उतरताना शरीर तक्रार करत नाही.

ते पुढे गेले. नऊ चाळीसला खालचे कुंड आले. त्यात परातीएवढे हिरवे डबके उरले होते. काठच्या चिखलात रानडुकराच्या खुरांचे आणि अस्वलाच्या पंजांचे ठसे होते, आणि पाण्यावर आग्या मोहोळाच्या माशा घोंघावत होत्या. वरच्या कड्याला त्यांची पोळी लटकलेली दिसत होती. ते पाणी पिण्याजोगे नव्हते. शिवाय आसपासच्या सगळ्या जनावरांचे तेवढेच पाणी असल्याने तिथे फार वेळ थांबणेही योग्य नव्हते. तरी शिक्षक जरा बाजूला सावलीत बसून झऱ्याच्या जागेचे रेखाटन करत चाळीस मिनिटे थांबले. दहा वीसला ते निघाले तेव्हा जवळ एक लिटर चारशे मिलिलिटर पाणी होते.

इथे हिशेब मांडून पाहावा. उतरायला तीन तास पंचवीस मिनिटे लागली होती. चढायला दुप्पट वेळ धरला, तर ताज्या अंगानेही धारेवर पोहोचायला पाच वाजले असते. म्हणजे बाबांना दिलेली एक वाजताची वेळ त्या कुंडावर बसल्या बसल्याच चुकली होती. भर उन्हात चढताना माणसाला तासाला एक लिटरच्या आसपास घाम येऊ शकतो. सहा-सात तासांच्या चढासाठी जवळ होते ते पाणी दीड तासाचे.

साडेदहाच्या सुमारास पूर्वेकडच्या उतारावर त्यांना एक ढोरवाट दिसली. नाल्यातले तापलेले गोटे टाळून ती थेट मधल्या टप्प्यावर जाते असे वाटत होते. त्यांनी नाला सोडला. गुरांची वाट चाऱ्याकडे जाते, माथ्यावर जाईलच असे नसते. बाराच्या सुमारास ती एका उभ्या कड्याखाली विरून गेली. सुट्या मुरुमावरून घसरल्याने डावा घोटा मुरगळला. पाणी सहाशे मिलिलिटर उरले होते. पिंढऱ्यांत पेटके येत होते, डोके ठणकत होते आणि मळमळ सुरू झाली होती.

कड्याखाली विचारात घेतलेले पर्याय

शिक्षकांच्या आठवणीप्रमाणे ते तिथे पाऊण तासाहून कमी वेळ होते, पण त्या वेळात त्यांनी केलेला विचार पुढच्या सगळ्या गोष्टींना कारणीभूत ठरला.

कड्याच्या कडेकडेने फट शोधत वर जाणे हा पहिला पर्याय. वर जाण्याची ओढ सर्वांत जास्त होती, कारण रेंज वर होती आणि टप्पा पन्नास-साठ मीटरच वर दिसत होता. परंतु एका पायावर भार पडत नव्हता, आणि मळमळत असलेल्या माणसाने उभ्या खडकावर हात घालणे म्हणजे घसरण्याला आमंत्रण होते. तिथून पडल्यास शोधणाऱ्यांना ते कुठे आहेत याची कल्पनाही आली नसती.

नाल्यानाल्याने खाली मैदानात उतरणे हा दुसरा. पाण्याच्या वाटेने गेले की गाव लागते असा समज सर्वत्र आहे. बेसाल्टच्या दरीत तो घातक ठरू शकतो, कारण प्रत्येक कठीण थरावर नाल्यात कोरड्या धबधब्याची पायरी असते. वरून ती दिसत नाही, आणि एक पायरी उडी मारून उतरली व पुढची उतरता आली नाही, तर माणूस दोन्हींच्या मध्ये अडकतो. भूगोलाच्या शिक्षकाला हे माहीत होते आणि त्यांनी तो विचार लगेच सोडला.

धूर करून लक्ष वेधावे, हाही विचार मनात आल्याचे ते सांगतात. तो त्यांनी टाळला याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक वाटते. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो आणि राखीव वनात आग पेटवणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वाळलेल्या पानांनी भरलेल्या उतारावर लागलेली आग चढाच्या दिशेने धावते, आणि ते स्वतः चढावर, कड्याला पाठ लावून बसलेले होते. त्यात धुराने आग्या मोहोळ उठले असते तर सुटकेला जागाच नव्हती.

जिथे आहोत तिथेच सावलीत थांबणे हा पर्याय बरा होता, पण बाबांना सांगितलेल्या वाटेपासून ती जागा दूर होती आणि खालून दिसत नव्हती.

शेवटचा पर्याय मनाला सर्वांत नकोसा होता: दीड तास घाम गाळून मिळवलेली उंची सोडून द्यायची, पुन्हा नाल्यात उतरायचे, म्हणजे बाबांना सांगितलेल्या वाटेवर यायचे, आणि तिथून जवळ असलेल्या वरच्या कुंडाच्या कपारीत बसून राहायचे. शिक्षकांनी हाच निवडला. त्यांना विचारले असता ते म्हणाले की बाबा माणूस पाठवतील याची त्यांना खात्री नव्हती. मात्र कोणी आलेच तर ते नाल्यानेच येईल, याची होती.

केलेली कृती

साडेबाराला ते उतरू लागले आणि एक वाजून दहा मिनिटांनी वरच्या कुंडापाशी पोहोचले. पश्चिमेच्या कड्याची सावली तेव्हा कुंडावर सरकू लागली होती. कपारीत शिरण्याआधी त्यांनी लांबून दगड टाकून आत अस्वल नाही याची खात्री केली आणि वर पोळे नाही हे पाहिले. उरलेले तीनशे मिलिलिटर पाणी त्यांनी थोड्या थोड्या घोटांत पिऊन टाकले. बाटलीत पाणी शिल्लक ठेवून अंगात तहान मुरवत बसणाऱ्यांची उदाहरणे कमी नाहीत. उन्हाने आजारी पडत असलेल्या माणसाचे पाणी शरीरातच असायला हवे, हे त्यांनी बरोबर ओळखले.

नंतर त्यांनी एका काठीने ओलसर रेतीत सावकाश झिरा खोदला. अर्ध्या तासात हातभर खोलीवर गढूळ पाणी जमले. ते पिण्यासाठी नव्हते. त्यात दुपट्टा भिजवून त्यांनी डोके, मान आणि छाती झाकली आणि तो सुकला की पुन्हा भिजवला. कोरड्या हवेत ओल्या कपड्यातले पाणी झपाट्याने उडते आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. विदर्भात घरोघरी कूलरच्या ताट्या याच कारणाने गार हवा देतात. पिण्यास अयोग्य पाणीही जीव वाचवू शकते ते असे.

तिकडे गावात एक वाजून गेला. बाबांनी तासभर वाट पाहिली. सव्वादोनला त्यांनी आपला पुतण्या आणि वणवा विझवण्याच्या कामावर असलेला एक वनमजूर यांना खाली पाठवले. हा निर्णयही सोपा नव्हता. भर दुपारी आणखी दोन माणसे त्याच उन्हात उतरवायची होती. चार-सहा जण निघायला तयार होते, पण बाबांनी दोघांनाच पाठवले, दोघांकडे मिळून दहा लिटर पाणी, साखर, मीठ आणि एक दोर दिला, आणि बाकीच्यांना धारेवर थांबवले. वनमजुराने पहिल्या टप्प्यावर, रेंज जाण्यापूर्वी, वनरक्षकाला फोन करून कळवले. वनरक्षकाने १०८ क्रमांकावर सांगून रुग्णवाहिका गावातील रस्त्यापर्यंत मागवली. माणूस सापडण्याच्या आधीच रुग्णवाहिका मागवली गेली, यामुळे पुढे रात्री किमान दोन तास वाचले.

दोघे हाका मारत नाल्याने उतरले. शिक्षकांच्या घशातून आवाज निघत नव्हता. त्यांनी स्टीलची बाटली दगडावर तीन-तीन वेळा आपटून उत्तर दिले. पावणेचारला ते सापडले.

वनमजुराने आधी त्यांचे नाव विचारले आणि मग, "सर, आज कोनता वार हाय?" उत्तर बरोबर आले. हा प्रश्न त्याला उन्हाळ्यापूर्वीच्या एका प्रशिक्षणात शिकवला होता, आणि त्याचे महत्त्व मोठे आहे. उन्हाने आलेल्या थकव्यात घाम, पेटके, डोकेदुखी, ओकारी असते, पण माणूस भानावर असतो. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असतो. तिथे तोंडाने पाणी पाजत बसण्यापेक्षा मिळेल त्या पाण्याने अंग तातडीने थंड करणे आणि इस्पितळ गाठणे याला पर्याय नसतो. शिक्षक पहिल्या अवस्थेत होते.

दोघांनी एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या अंदाजाने पाणी तयार केले. पहिले काही घोट ओकून पडले, नंतरचे टिकले. घटाघटा साधे पाणी पाजले नाही हे योग्य झाले, कारण दिवसभर घामातून मीठ गेलेल्या शरीरात एकदम नुसते पाणी ओतले तर रक्तातील सोडियम घटून वेगळाच धोका उभा राहतो. घोट्याला पट्टी बांधली, दुपट्टा ओला ठेवला आणि ऊन उतरेपर्यंत तिघे बसून राहिले. सव्वापाचला चढायला सुरुवात केली. साडेसहाला सूर्य मावळला. अस्वले अंधार पडताना बाहेर पडतात, म्हणून मोठ्याने बोलत, बॅटरीच्या उजेडात ते चढत राहिले आणि सव्वाआठला धारेवर आले.

परिणाम

ग्रामीण रुग्णालयात शिक्षकांना रात्रभर सलाइन लावले गेले. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडावर थोडा ताण आल्याचे दिसले, म्हणून आठवड्याने पुन्हा तपासणी सांगण्यात आली आणि ती सामान्य आली. घोटा बरा व्हायला महिना लागला. पत्नीला त्यांचा पत्ता रात्री नऊ वाजता लागला. तोवर त्यांनी काळजीने फोन सुरू केले होते, पण कोणाला काय सांगावे हे त्यांना कळत नव्हते, कारण "चिखलदऱ्याकडे" या शब्दात किती दऱ्या बसतात हे त्यांना मोजता येणे शक्य नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा परतीच्या वेळेचा. बहुतेक लोक उपलब्ध वेळेचे दोन सारखे भाग करतात. दरीत तीन भाग करावे लागतात: एक उतरण्याचा, दोन चढण्याचे. सव्वासहाला निघून साडेदहापूर्वी धारेवर परत यायचे असेल, तर हाती सव्वाचार तास असतात आणि त्याचा एक तृतीयांश म्हणजे एक तास पंचवीस मिनिटे. म्हणजे कुठेही असले तरी सात चाळीसला पाठ फिरवायला हवी होती. शिक्षक वरच्या कुंडावर पोहोचले तेव्हा ती वेळ अर्ध्या तासाने उलटून गेलेली होती. थोडक्यात, एप्रिलमध्ये हे वरचे कुंडसुद्धा एका सकाळीत बसत नाही, खालच्याची गोष्टच नको.

यावर कोणी म्हणेल की पहाटे चारला निघावे. वाळवंटी घळींमध्ये लोक तसे करतात. पण आपल्या जंगलात अंधारात एकट्याने नाल्यात उतरणे म्हणजे अस्वलाच्या आणि बिबट्याच्या फिरण्याच्या वेळी त्यांच्याच वाटेवर असणे. त्यातही मोहफुले गळत असताना अस्वले झाडांखाली असतात. म्हणून इथे सुरुवात मागे नेता येत नाही, अंतरच कमी करावे लागते. इतर प्रदेशांसाठी लिहिलेला सल्ला जसाच्या तसा उचलता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे. झऱ्यांची उन्हाळी नोंद हवीच असेल, तर बरोबर दोन स्थानिक माणसे, माणशी किमान पाच लिटर पाणी आणि एका दिवशी एकच कुंड, अशी आखणी करावी लागेल.

पाण्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. वाटेत मिळणारे पाणी उन्हाळ्यात हिशेबात धरू नये, मग ते आपण स्वतः आधी डोळ्यांनी पाहिलेले असो. मिळाले तर तो लाभ समजावा. वरचे कुंड कोरडे दिसताच खालच्यावरची भिस्त संपायला हवी होती, आणि तिथून परत फिरले असते तर ते बाराच्या सुमारास थकलेल्या पण धडधाकट अवस्थेत बाबांच्या अंगणात पोहोचले असते.

ढोरवाटेचा निर्णय माझ्या मते पहिल्या निर्णयापेक्षाही गंभीर होता. उशीर झालेला माणूस तरी सापडतो, सांगितलेली वाट सोडलेला माणूस सापडणे नशिबावर जाते. २००३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युटा राज्यातील ब्लूजॉन कॅनियनमध्ये एरन रॉल्स्टन हा अनुभवी गिर्यारोहक एकटाच असताना दगड आणि कडा यांच्यामध्ये हात सापडून पाच दिवस अडकला आणि अखेर स्वतःचा हात कापून बाहेर आला. आपण कुठे जात आहोत हे त्याने कोणालाच सांगितलेले नव्हते. आपल्या शिक्षकांनी सांगितले होते, आणि कड्याखालून परत नाल्यात येऊन त्यांनी त्या सांगण्याला अर्थ मिळवून दिला. मिळवलेली उंची सोडून देण्याचा तो निर्णय त्या दिवसातील सर्वोत्तम निर्णय होता असे मी ठामपणे म्हणेन.

कळवण्याचा मुद्दा याला जोडूनच येतो. त्या दिवशी दोन माणसांना माहिती होती. पत्नीला वाटही माहीत नव्हती आणि वेळही नेमकी नव्हती. त्यांनी रात्री शोध सुरू केला असता तर तो कुठून सुरू करायचा हेच ठरले नसते. बाबांना वाट, वेळ आणि दरी तिन्ही माहीत होते, आणि माणसे पाठवण्याची त्यांच्यात धमक होती. घरच्यांना सांगावेच, पण जो दोन तासांत हालचाल करू शकेल अशा जवळच्या माणसाला लेखी सांगावे. त्या कागदावर कोणत्या वेळेनंतर शोधायला निघावे हेही असावे. बाबांनी तासभर थांबायचे स्वतःच्या अंदाजाने ठरवले. दुसऱ्या कोणी सूर्यास्तापर्यंत वाट पाहिली असती.

शोधायला गेलेल्या दोघांबद्दल कमी बोलले जाते, ते खटकते. एकट्याने जाणारा माणूस आपला धोका आपल्यापुरता आहे असे मानतो. प्रत्यक्षात त्याच्यासाठी दोन माणसे भर उन्हात उतरली. पुतण्याची दुपारची दूध घालण्याची खेप बुडाली आणि वनमजुराच्या कामाची वेळ संपूनही तो रात्री सव्वाआठपर्यंत दरीत होता. शिक्षकांनी नंतर दोघांना पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

त्यानंतर

पुढच्या जानेवारीत शिक्षक पुतण्यासोबत पुन्हा उतरले आणि खालच्या कुंडापर्यंत जाऊन उजेडात परत आले. त्या वेळी दोन्ही कुंडांत पाणी होते. बाबांच्या घरी आता एक वही ठेवलेली आहे. दरीत उतरणाऱ्याने त्यात नाव, वाट, सोबतचे पाणी, परतीची वेळ आणि शोध सुरू करण्याची वेळ लिहायची आणि खाली घरच्या माणसाचा फोन नंबर द्यायचा. ढोरे घेऊन जाणारी मुले कोणत्या कुंडात किती पाणी दिसले ते त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवतात. वनरक्षकाने पहिल्या टप्प्यावरील रेंज मिळण्याची जागा दगडावर चुन्याने खूण करून ठेवली आहे. गावात जलसंजीवनीची पाकिटे आशाताईंकडे असतात, पण दोर वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस अजून गावात नाही. शिक्षक कड्याखालीच अडकून राहिले असते तर त्यांना तिथून उतरवायला कोण गेले असते, या प्रश्नावर वनपरिक्षेत्र कार्यालयाशी गावाचे बोलणे सुरू आहे.